परदेशात स्कीइंग, पण खिशाला झेपेल असं: कुठं जावं?

भटकी_चिमणी

नमस्कार मंडळी. मी आणि नवरा, दोघंही पस्तिशीच्या आसपास, मुक्काम डोंबिवली पूर्व. पावसाळ्यात शनिवार-रविवार सह्याद्रीत असतो, त्यामुळे पाय चालतात, दमही बरा आहे. बर्फाशी मात्र ओळख नाही. मनालीला भाड्याचा कोट आणि गमबूट घालून फोटो काढले, तेवढंच.

आता डोक्यात स्कीइंग घुसलंय. एका टूरवाल्याकडे चौकशी केली. त्याने स्वित्झर्लंडचं पॅकेज पुढे केलं. त्यात डोंगरावर नेऊन दोन तास बर्फात सोडणार आणि परत खाली आणणार. आकडा ऐकल्यावर नवरा म्हणाला, एवढ्यात घराचं बाथरूम नवं होईल. आम्हाला फोटो नकोत, शिकायचंय. पाच-सहा दिवस एकाच जागी राहायचं, रोज पडायचं, रोज उठायचं, एवढी तयारी आहे. माणशी एक लाख धरलेत, फारच ताणलं तर सव्वा.

यूट्यूबवर जो तो सांगतो की रिसॉर्ट जितका उंच तितका बर्फ खात्रीचा. म्हणून फ्रान्समधलं वाल तोरांस बघितलं, तिथं गावच २३०० मीटरवर आहे. पण ते ज्यात मोडतं त्या थ्री व्हॅलीज स्की-परिसराचा एका दिवसाचा लिफ्ट पास (डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांचं तिकीट) सत्तर युरोंच्या वर, राहणं-खाणं वेगळं. ते पान तिथंच बंद केलं. तर असं उंचावरचं, स्वस्त आणि नवख्यांना धड शिकवणारं ठिकाण कोणतं? जानेवारीत जावं की मार्चमध्ये? उंचीचा त्रास होतो का? आणि नवरा शाकाहारी आहे (अंडं चालतं, मूड असेल तर).

पुणे_तीस

एक साधा प्रश्न. गुलमर्ग आपल्याच देशात असताना हा उपद्व्याप कशासाठी? तिथल्या गंडोलाचा, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर ३९०० मीटरच्या पुढे नेऊन सोडतो. तुमच्या वाल तोरांसची सगळ्यात वरची लिफ्टसुद्धा तिथवर पोचत नाही. केंद्र सरकारची स्कीइंग-गिर्यारोहण संस्था गुलमर्गलाच आहे, ती रीतसर कोर्स घेते. व्हिसा नको, परकी चलन नको, दुपारी राजमा-चावल मिळतो. पण हल्ली पासपोर्टवर शिक्का पडल्याशिवाय सुट्टी झाल्यासारखी वाटत नाही लोकांना, त्याला इलाज नाही.

कृष्णाकाठ

चिमणे, अहो-जाहो करत नाही, तुझ्या मावशीच्या वयाची आहे. सांगलीत औषधाचं दुकान चालवते. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी जॉर्जियात गुडाउरीला जाऊन स्की शिकलो. घरच्या पुरुषांना गुडघ्यांची काळजी वाटते, स्वतःच्या, त्यामुळे ते येत नाहीत. त्यांचा खर्च वाचतो, हा आमच्या स्वस्त सहलीचा पहिला भाग.

आधी उंचीचं घोडं पुढे घेते, कारण त्यात सगळे फसतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो आकडा सगळ्यात वरच्या लिफ्टचा. नवख्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. पहिले तीन दिवस तू पायथ्याच्या, जेमतेम उतार असलेल्या पट्ट्यावर असणार. मग बर्फ पायथ्याला पाहिजे, शिखरावर असून काय करायचा? म्हणून बघायची ती पायथ्याची उंची. बल्गेरियातलं बान्स्को स्वस्त म्हणून प्रसिद्ध आहे, लिफ्ट अडीच हजार मीटरपर्यंत जाते, पण गाव स्वतः हजार मीटरच्या खाली. रोज सकाळी गंडोलाच्या रांगेत उभं राहायचं, मग बर्फ. गुडाउरीत राहायची जागाच २००० ते २२०० मीटरवर आहे आणि वरची साद्झेले लिफ्ट ३२०० च्या पुढे. हंगामात खोलीच्या दारातून बाहेर पडलीस की पाय बर्फात.

पुणे तीस, गुलमर्ग सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जानेवारी २०२४ मध्ये तिथं गवत दिसत होतं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ पुढं ढकलावे लागले. रजा महिनाभर आधी टाकून, तिकिटं काढून बसलेल्या माणसानं काय करायचं? शिवाय तो ३९०० मीटरचा टप्पा नवख्यांचा नाहीच. तिथं स्कीसाठी तयार केलेले रस्ते नाहीत, हिमस्खलनाची भीती असते, वाटाड्याशिवाय जाऊ नये. म्हणजे पुन्हा तेच, वरचा आकडा आपल्या कामाचा नाही.

तर गुडाउरी. तिबिलिसीपासून उत्तरेला साधारण १२० किलोमीटर, रशियाकडे जाणाऱ्या जुन्या लष्करी रस्त्यावर. शहरातून मेट्रोने दिदुबे स्टेशनला उतरायचं. बाहेर पडलीस की मार्शुत्का उभ्या असतात, म्हणजे आपली वडाप, फक्त छत उंच आणि टपावर कोणी बसत नाही. भरली की सुटते. टॅक्सीवाले आडवे येतील, 'मार्शुत्का आज नाही' म्हणतील, हसून पुढं जायचं. वाटेत झिनवालीचं धरण आणि त्याच्या काठावरचा अनानुरीचा किल्ला लागतो, तुम्ही सह्याद्रीत भटकणारे म्हणून सांगितलं. म्लेतीपासून घाट सुरू होतो आणि मग पुढं रशियाला जाणाऱ्या ट्रकांची रांग. आंबेनळी घाटात एसटीमागे अडकलेल्या माणसाला नवीन काही नाही. गुडाउरीच्या पुढची जवारी खिंड साधारण २४०० मीटरवर आहे, ती हिमस्खलनाच्या भीतीनं अधूनमधून बंद करतात. मोठं वादळ आलं तर खालचा रस्ताही अडतो. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम तिबिलिसीतच ठेव. डोंगरातून थेट विमानतळ असा बेत करणाऱ्यांचे चेहरे मी पाहिलेत.

राहायला दोन भाग आहेत. नवं गुडाउरी म्हणजे गंडोलाच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या अपार्टमेंटच्या इमारती, छोट्या स्वयंपाकघरासकट. जुन्या भागात घरगुती गेस्टहाउस, तिथं नाश्ता-जेवण धरून भाडं सांगतात. नवरा शाकाहारी असेल तर स्वयंपाकघर असलेलीच खोली घे. तिबिलिसीच्या बाजारातून भाजी, राजमा, मात्सोनी (आपलं दहीच, जरा आंबट) आणि तांदूळ घेऊन चढायचं. वर दुकानं आहेत, पण वरच्या भावानं. आम्ही घरून मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला नेला होता. बाहेर खायचं तर लोबियानी माग: राजमा भरलेली जाडजूड पोळी, एक खाल्ली की संध्याकाळपर्यंत बघायला नको. अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी मिळतात, पालकाची प्खाली (वाटलेल्या पालकाचे गोळे) मिळते, मशरूमची खिनकाली (मोदकासारखी, उकडलेली) मिळते. खिनकालीचा देठ खायचा नाही, ताटात ठेवायचा, नाहीतर वाढणारी बाई तुमच्याकडे दयेनं बघते.

खोली लिफ्टपासून किती लांब, ते नकाशावर मोज. जाहिरातीत 'पाच मिनिटं' लिहिलेलं असतं ते साध्या बुटातलं. स्कीचे बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन, बर्फाळ चढावर तेच पंधरा मिनिटांचं होतं आणि शिकायच्या आधीच माणूस घामाघूम.

आता बूट. सहल बिघडते ती इथं, म्हणून जरा सविस्तर. भाड्याच्या दुकानात सकाळी गर्दी असते, पोरगा घाईनं जोड पुढं टाकतो. आदल्या संध्याकाळीच जायचं. पायात एकच मोजा, लांब, पोटरीपर्यंतचा. दोन घातले की आत चुणी पडते आणि संध्याकाळी नेमका तिथं फोड. थर्मलची पँट बुटात खुपसायची नाही, वरच ठेवायची. पाय आत गेला की टाच जमिनीवर दोनदा आपटायची, म्हणजे ती मागं नीट बसते. मग घोट्याजवळचं बकल आधी आवळायचं, बोटांवरचं सगळ्यात शेवटी आणि तेही सैलच. सरळ उभी राहिलीस की अंगठा पुढं जरासा टेकला पाहिजे. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबलीस की अंगठा मागं सरकला पाहिजे. आणि त्या स्थितीत टाच उचलून बघ. उचलली गेली तर बूट मोठा आहे, पोरगा काही का म्हणेना. माझ्या जावेनं निम्मं दुकान खाली उतरवलं, पण आठवडाभर तिच्या पायाला ओरखडा नव्हता. दुकानदार वजन विचारतो, ते खरं सांगायचं. पडल्यावर स्की बुटापासून किती जोराला सुटावी, ते त्या आकड्यावरून लावतात. बायका लाजून कमी सांगतात आणि मग भलत्याच जागी स्की सुटते.

पैसे कुठं घालायचे? शिक्षकावर. पास, खोली, जेवण, सगळ्यात काटकसर कर, शिक्षकात करू नकोस. तुम्ही दोघं आहात, दोघांत मिळून एक खाजगी शिक्षक सकाळी दोन तास घ्या, तीन दिवस. दुपारी तेच घोकायचं. इंग्रजी बोलणारा आधीच ठरवून ठेव, रशियन बोलणारेही पुष्कळ आहेत. पहिल्या दिवशी पूर्ण डोंगराचा पास घेऊ नकोस. शिक्षकाला विचार कुठं शिकवणार आणि तेवढ्यापुरतं तिकीट घे. पुढंही पास रोजचा रोज घ्यावा असं माझं मत. चार-पाच दिवसांचा एकदम घेतला तर थोडा स्वस्त पडतो, पण गुडाउरीच्या उतारांवर झाडं नाहीत. धुकं उतरलं की आकाश आणि जमीन एकच पांढरी होते, चढ-उतार कळत नाही, उभ्या जागी डोकं फिरतं. वारा सुटला तर वरच्या लिफ्ट बंद. अशा दिवशी खोलीत बसून पिठलं करायचं. तसंही एका दिवसाचा पास थ्री व्हॅलीजच्या निम्म्याहून कमीतच येतो.

पहिल्या दिवशी काय शिकवतात? थांबायला. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, त्याला जगभरचे शिक्षक पिझ्झा म्हणतात. आणि पडल्यावर उठायला. स्की उताराला आडव्या घ्यायच्या, खालच्या बाजूला, शरीराच्या जितक्या जवळ तितक्या बऱ्या, मग वरच्या हातानं जोर देऊन उठायचं. स्कीची टोकं उताराच्या दिशेला असताना उठायला गेलं की उठता उठताच घसरणं सुरू. आमच्या शिक्षकाला इंग्रजी शब्द मोजकेच येत होते, पण 'मॅडम, नॉट सिट' हे त्यानं इतक्यांदा म्हटलं की जाऊ घरी अजून म्हणते. मागं रेलून बसल्यासारखं जायला लागलं की स्की ऐकेनाशी होते, वजन पुढं, नडगीवर. भीती वाटली की माणूस मागं रेलतो, म्हणजे वेग अजून वाढतो. हे कळायला दोन दिवस लागतात आणि मग एकदम मजा सुरू होते.

जानेवारी का मार्च ते उद्या लिहिते. दुकान उघडायची वेळ झाली.

उदगीरचे_काका

आमचं पोरगं अल्माटीला एमबीबीएस करतंय. थंडीत त्याला बघायला गेलतो, म्हणून दोन शब्द. मी काही स्की केली नाही, खाली बसून चहा पीत बघितलं.

कझाकस्तानला आपल्याला १४ दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही, ही पहिली बचत. दिल्लीहून अल्माटीला थेट विमान. शहरातच राहायचं, खोली स्वस्तात मिळती. हॉटेल कझाकस्तानच्या समोरून १२ नंबरची बस मेदेऊला जाती. मेदेऊ म्हणजे १६९१ मीटरवर बर्फाचं स्केटिंगचं मोठं मैदान. तिथून गंडोला, साडेचार किलोमीटर लांब, थेट शिंबुलाकच्या स्की रिसॉर्टला, २२६० मीटर. कृष्णाकाठताई म्हणतात तसं पायथाच उंच आहे. वरची लिफ्ट तालगार खिंडीपर्यंत, ३२०० च्या आसपास. संध्याकाळी परत शहरात, पोरांच्या मेसमध्ये वरण-भात. माझ्यासारख्याला हे फार झालं.

थंडीत अल्माटीवर कोळशाच्या धुराचा थर बसतो, सकाळी डोळे चुरचुरतात. गंडोला वर निघाली की मधेच धूर खाली राहतो आणि एकदम निळं आभाळ. बायको म्हणाली, विमानात बसल्यासारखं झालं. शनिवार-रविवार जाऊ नका, सगळं शहर वर येतं. आणि पोराला घेऊन जा, म्हणजे ज्याला रशियन येतं असं कुणीतरी. मोबाइलवरचं भाषांतर चालतं पण हातमोजे काढावे लागतात.

मेदेऊच्या धरणाला ८४२ पायऱ्या आहेत. तुम्ही ट्रेकवाले, तुम्हाला काय त्याचं.

सॅकवाला

अजून स्वस्त हवं असेल तर किर्गिझस्तानमधलं काराकोल. पायथा २३०० मीटर, वरचं टोक ३०४० मीटर, गुडाउरीच्या उलट इथं उतारांना सूचिपर्णी झाडं आहेत, त्यामुळे धुक्यात निदान रस्ता दिसतो. वरून खाली इसिक-कुल तलाव. राहणं गावात, टॅक्सीने वर. पण बिश्केकहून मार्शुत्काने सहा-सात तास, आणि बजेट माझ्यासारखं असेल तर बसायला मधली सीट. ई-व्हिसा काढावा लागतो. पहिल्यांदा शिकणाऱ्या जोडप्याला मी काकांचं अल्माटी सुचवीन, दुसऱ्यांदा जाल तेव्हा काराकोल.

भटकी_चिमणी

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! काका, ८४२ पायऱ्या नवऱ्याला वाचून दाखवल्या, तो म्हणाला हे चालेल. कृष्णाकाठमावशी, तुमच्यामुळे आमचं गुडाउरीकडे झुकलंय, कारण रोज ये-जा नको वाटते. पण व्हिसाचं कसं? आणि औषधवाल्या आहात तर उंचीच्या गोळ्या आणि सोबत न्यायची औषधंही सांगा. सव्वा लाखात खरंच बसतं का?

कृष्णाकाठ

बसतं, पण आधी तारखा. ३१ डिसेंबर ते साधारण १० जानेवारी विसरून जा. तिकडचा नाताळ ७ जानेवारीला, रशियातल्या सुट्ट्याही तेव्हाच, खोल्यांचे भाव दुप्पट आणि शिक्षक मिळत नाही. जानेवारीच्या मध्यानंतर कोरडा, भुसभुशीत बर्फ, पण दिवस लहान आणि थंडी बोचरी. पडायला मऊ बरं. मार्चमध्ये ऊन, लांब दिवस, भाव उतरलेले. मात्र सकाळी बर्फ कडक, दुपारी चिखल. शिकायला सकाळी दहा ते एक ही वेळ सोन्याची. ३ आणि ८ मार्चला जॉर्जियात सुट्टी असते, तेवढे दिवस गर्दी धर. मी म्हणेन फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा.

खर्चात विमानच सगळ्यात जास्त खातं. ते चार-पाच महिने आधी काढलंस, खोली दोघांत वाटली, रात्रीचं जेवण घरी केलं, तर सव्वा लाखाच्या आत आरामात. एक लाखात बसवायला गेलीस तर शिक्षकावर कात्री चालवशील, ते करू नकोस. कपडे विकत घेऊ नकोस. ट्रेकचं थर्मल आणि फ्लीस चालतं, वरून पाणी न शिरणारी पँट-जाकीट तिथं भाड्यानं मिळतं. हातमोजे मात्र स्वतःचे आणि वॉटरप्रूफ, भाड्याचे ओले मिळतात. जीन्स घालून कोणी स्की करताना दिसलं तर ते आपल्याकडचंच असतं, हा माझा अनुभव.

व्हिसा: ई-व्हिसा सरकारी साइटवरच काढ, मधल्या एजंटाला पैसे देऊ नकोस. तुझ्याकडे वैध अमेरिकी किंवा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) व्हिसा असेल तर वेगळा लागत नाही, तरी त्याची सध्याची अट साइटवर वाच. विमानतळावर आपल्या लोकांना प्रश्न जरा जास्त विचारतात. परतीचं तिकीट, खोलीचं बुकिंग, विमा, शिक्षकाचं बुकिंग, सगळं छापील ने. मोबाइल दाखवत बसू नकोस. 'स्की शिकायला आलोय' हे वाक्य आणि सोबत कागद, एवढं पुरतं.

विम्यात गोम आहे. साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुतेक वेळा वगळलेलं असतं, बारीक अक्षरात. हिवाळी खेळांचं वेगळं कलम जोडून घे आणि त्यातही 'आखलेल्या उतारांवर' असं असतं, बाहेर गेलीस तर भरपाई नाही. पाय मोडला तर डोंगरावरून खाली आणायचा खर्चच मोठा असतो.

आता माझा विषय. कळसूबाई १६४६ मीटर. गुडाउरीत तू त्याहून वर झोपणार, पण त्रास साधारणपणे २५०० च्या वर झोपल्यावर सुरू होतो. पहिल्या रात्री डोकं जड वाटेल, झोप तुटक लागेल, पाणी जास्त प्यायचं, पहिल्या दिवशी ती प्रसिद्ध वाइन टाळायची. डायमॉक्सचा (उंचीच्या त्रासावरची गोळी) कोर्स बहुतेकांना इथं लागत नाही. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून घेऊ नकोस, सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोल.

आणि हे ठळक समज: जॉर्जियात औषधांचे कायदे कडक आहेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल असलेली वेदनाशामक गोळी, झोपेच्या गोळ्या बॅगेत टाकू नकोस. आपल्याकडे पाठदुखीला ट्रामाडॉलची जोडगोळी सर्रास लिहून देतात, घरातल्या डब्यात पडलेली असते आणि डबा तसाच उचलून नेतात. डबा नको, पट्टी वाचून एकेक घे. जी रोजची औषधं आहेत ती मूळ पट्टीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. विमान दुबई-शारजामार्गे असेल तर तिथंही तोच नियम. पॅरासिटामॉल, ओआरएस, चिकटपट्ट्या, क्रेप बँडेज आणि दुखऱ्या मांड्यांना लावायचं मलम, एवढं पुरे.

सनस्क्रीन लाव म्हटलं की लोक कपाळाला लावतात. बर्फावरून ऊन खालून येतं. नाकपुड्यांची खालची कड, हनुवटीच्या खाली, कानाच्या पाळ्या भाजतात. दर दोन तासांनी, आणि ओठांना वेगळं.

वायर_आणि_मीटर

विद्युत निरीक्षणाच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून एक गंभीर गोष्ट जोडतो. डिसेंबर २०२४ मध्ये याच गुडाउरीत एका भारतीय रेस्टॉरंटच्या वरच्या झोपायच्या खोल्यांत बारा माणसं मेलेली सापडली. बहुतेक सगळी तिथं नोकरीला गेलेली आपलीच मुलं. वीज गेली म्हणून आतल्या बंद जागेत जनरेटर लावला होता, कार्बन मोनॉक्साइड साचला. ह्या वायूला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो.

डोंगरात वादळात वीज जाते. खोलीवर पोचलात की बघा: गरम कशानं होतं? गॅसचा हीटर असेल तर धूर बाहेर नेणारी नळी आहे का? जनरेटर कुठं ठेवलाय? तळघरात किंवा जिन्याखाली असेल तर दुसरी जागा शोधा, पैसे गेले तरी चालतील. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, मुठीएवढा असतो, सामानात टाका. सकाळी दोघांचंही डोकं एकदम दुखत असेल तर उंचीला दोष द्यायच्या आधी खिडकी उघडा आणि बाहेर पडा.

कृष्णाकाठ

वायर-मीटर, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. वर माझ्या यादीत तो अलार्म नव्हता, आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक बर्फवाल्याला सांगेन.

पुणे_तीस

वाचतोय सगळं. गुलमर्गबद्दलचं माझं मत कायम आहे. केवळ माहितीसाठी विचारतो, चष्मा असलेल्या माणसाला गुडाउरीत काय करतात?

भटकी_चिमणी

पुणे तीस, तुम्हीपण चला की!

कृष्णाकाठ

चष्म्यावरून घालायचे मोठे गॉगल मिळतात, 'ओटीजी' असं लिहिलेलं असतं. हेल्मेट तिथं भाड्यानं घ्या, गॉगल इथूनच न्या, कारण भाड्याच्या गॉगलची काच हमखास ओरखडलेली असते. चष्म्याची काडी हेल्मेटखाली कानामागं टोचते, म्हणून घरीच दोन्ही एकत्र घालून अर्धा तास बसून बघा. काच धुरकटली तर आतून बोटानं पुसायची नाही, वरचा लेप जातो. गॉगल कपाळावर चढवून ठेवला की घामानं अजून धुरकटतो, एकतर डोळ्यांवर नाहीतर खिशात. आणि धुक्याच्या दिवसासाठी पिवळसर काच घ्या, काळी त्या दिवशी उपयोगाची नाही. वजन किती तुमचं? खरं सांगा.